आजोबांच्या युद्धाच्या आठवणी कशा नोंदवून ठेवाव्यात?

एका नातीचा प्रश्न आहे. तिचे आजोबा ८२ वर्षांचे, सातारा जिल्ह्यातले. ६२ च्या चीन युद्धानंतर मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले, ६५ आणि ७१ अशा दोन्ही लढायांत होते, हवालदार म्हणून पेन्शनवर आले. घरात युद्धाबद्दल कधी बोलले नाहीत, विचारलं की म्हणतात, "मी काय विशेष केलं? सगळ्यांनी केलं तेच केलं." आता ते विसरायला लागलेत. आठवणी रेकॉर्ड कशा करायच्या, काय विचारायचं, त्यांना त्रास तर होणार नाही ना, आणि ते सांगतील ते इतिहासाशी जुळलं नाही तर काय करायचं, असं तिने विचारलं आहे.

सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या माजी सैनिकांच्या मुलाखती मी बरीच वर्षं घेत आलो आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, हे काम याच आठवड्यात सुरू करा. चांगला माइक आणू, दिवाळीत सगळे जमले की बसू, असं करत थांबू नका. ६२ साली जो विशीत होता तो आज ऐंशीच्या पुढे आहे. दुसऱ्या महायुद्धातली पिढी तर आपल्या डोळ्यांदेखत गेली. आफ्रिकेतल्या केरेनच्या डोंगरावर, इटलीत, ब्रह्मदेशात लढून आलेली माणसं आपल्याच गावांत पारावर बसलेली असायची आणि त्यांना कुणी वही घेऊन काही विचारलं नाही. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे (मिलिटरी) गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. त्यांचा आकडा आपल्याला माहीत आहे. पण ती पोरं बोटीत काय खात होती, मेसोपोटेमियाच्या उन्हात पाणी कसं मिळवत होती, घरी पत्र कोणाकडून लिहून घेत होती, हे सांगणारं एक वाक्यही त्या गावात उरलेलं नाही. याची मला फार खंत वाटते, म्हणून इतकं निक्षून सांगतो.

बोलायला बसण्याआधी आजोबांची ट्रंक उघडा, त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्यासमोरच. तीन गोष्टी शोधा: डिस्चार्ज बुक, पदकं आणि पत्रं.

डिस्चार्ज बुकात आर्मी नंबर, भरतीची तारीख, हुद्दे, मिळालेली पदकं आणि पेन्शनवर आल्याची तारीख मिळते. हा तुमचा कणा. आठवण पुढेमागे सरकते, पण या तारखा जागेवर राहतात. प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. पुस्तक गहाळ असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. मराठा रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे.

पदकं नीट वाचता आली तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. ६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल अशी दोन वेगळी पदकं आहेत. रक्षा मेडल त्या वेळी सेवेत असलेल्या बहुतेकांना मिळालं. समर सेवा स्टार प्रत्यक्ष लढाईच्या भागात असलेल्यांना. ७१ साठी पूर्वी स्टार म्हणजे पूर्व आघाडी, पश्चिमी स्टार म्हणजे पश्चिम आघाडी, आणि संग्राम मेडल त्या काळातल्या सेवेचं. यांखेरीज १९७२ मध्ये स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली त्याचंही एक पदक जवळजवळ सगळ्यांकडे असतं. घरचे ते हमखास युद्धातलं पराक्रमाचं पदक म्हणून दाखवतात. आजोबांकडे पूर्वी स्टार आहे की पश्चिमी, एवढं कळलं तरी ते बांगलादेशाच्या बाजूला होते की पंजाब-राजस्थान-जम्मूच्या, हे त्यांना काही न विचारता समजेल. पदकांवर बहुधा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. चिंच किंवा पितांबरी लावून ती घासू नका, अक्षरं झिजतात.

पत्रांवर जागेचं नाव सापडणार नाही. जवानाचा पत्ता म्हणजे नंबर, नाव, युनिट आणि पुढे "मार्फत ५६ एपीओ" किंवा "मार्फत ९९ एपीओ" (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस). जवान नेमका कुठे आहे हे पाकिटावरून कळू नये म्हणूनच ही पद्धत. पण यातही एक धागा आहे. ५६ ची टपाल दिल्लीहून फुटते आणि ९९ ची कलकत्त्याहून. पत्ता ५६ वरून ९९ वर गेलेला दिसला तर समजा, पलटण पूर्वेकडे हलली. तारखेनुसार पत्रं लावून हा बदल कुठे होतो ते बघा. बहुतेक पत्रांत "मी सुखरूप आहे, काळजी नसावी, बैलाचं काय केलं, मनीऑर्डर पोचली का" एवढंच असतं. निराश होऊ नका. हाच मजकूर पुढे आजोबांना बोलतं करेल.

आता बसायचं कसं. सकाळी, चहा झाल्यावर, पाऊण तासाच्या वर नको. थकायच्या आत उठायचं, म्हणजे पुढच्या वेळी तेच हाक मारतात. पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाका आणि त्यांच्या छातीपासून हातभर अंतरावर ठेवा. फोनमधला साधा रेकॉर्डर पुरतो. व्हिडिओ पहिल्या बैठकीत नकोच. कॅमेरा दिसला की जुना फौजी सावधानमध्ये बसतो आणि भाषण देतो.

बसायची बाजूही बघून घ्या. रायफल उजव्या खांद्याला लावून वर्षानुवर्षं फायर केलेल्या माणसाचा डावा कान जास्त गेलेला असतो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो. मोर्टार किंवा आरसीएल तोफेवर काम केलेलं असेल तर दोन्ही. कितीतरी घरांत "आजोबा लक्ष देत नाहीत, विसरलेत" असं मला सांगितलं गेलं, आणि उजव्या बाजूला बसून सावकाश विचारल्यावर ते घडाघडा बोलायला लागले. तुमच्या आजोबांचं विसरणं किती खरं आणि ऐकू न येणं किती, हे आधी तपासून घ्या.

रेकॉर्डिंग सुरू झालं की पहिल्यांदा तारीख, गाव, त्यांचं नाव बोला आणि त्यांची परवानगी त्यांच्याच आवाजात घ्या. "हे घरच्यांसाठी ठेवू का? पुढे कुणा अभ्यासकाला दिलं तर चालेल का?" असे दोन वेगळे प्रश्न विचारा.

आता मुख्य गोष्ट. "युद्धात काय झालं ते सांगा" असं विचारू नका. या प्रश्नाला प्रत्येक फौजीकडे एक तयार उत्तर असतं, सव्वीस जानेवारीला शाळेत बोलायचं. पाच मिनिटांत संपतं आणि त्यात तो स्वतः कुठेच नसतो. तुमच्या आजोबांचं "सगळ्यांनी केलं तेच केलं" हेही त्याच प्रश्नाचं उत्तर आहे. युद्ध विचारू नका, दिवस विचारा. भरतीच्या दिवसापासून सुरुवात करा: कुणाबरोबर गेलात, छाती किती भरली, घरी सांगून गेलात की पळून? बेळगावात पहिल्या रात्री झोपायला कुठे दिलं? बूट पायाला बसले का? लंगरमधलं, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातलं, जेवण गेलं का, भाकरी कधी आठवली? त्यानंतर मोर्च्याकडे, म्हणजे लढायच्या खंदकाकडे, या. मोर्चा खणायला किती वेळ लागायचा, माती कशी होती? तुमच्या शेजारी कोण असायचं, कुठला होता तो? पाणी कुठून आणायचात? पाय ओले झाले तर मोजे कुठे वाळवायचात? हल्ल्याच्या आधी खायला काय मिळालं?

या शेवटच्या प्रश्नाने किती माणसं बोलती झाली ते सांगता येणार नाही. पूर्व आघाडीवर असलेल्या एका निवृत्त सुभेदारांनी पहिल्या बैठकीत मला लढाईचा नकाशाच सांगितला, अमुक ब्रिगेड इकडून, तमुक तिकडून. दुसऱ्या वेळी खाण्याचं विचारलं. ते म्हणाले, पुऱ्या आणि शंकरपाळे बांधून दिले होते, खिशात भुगा झाला होता. मग थांबले. मग म्हणाले, शेजारच्या पोराने आपल्या वाटणीचे शंकरपाळे "सकाळी खाईन" म्हणून ठेवले होते. तिथून पुढे ते जे बोलले ते त्यांच्या मुलांनी पन्नास वर्षांत ऐकलेलं नव्हतं. मी मध्ये एक शब्द बोललो नाही. तुम्हीही बोलू नका. शांतता पडली की आपल्याला अवघडल्यासारखं होतं आणि आपण पुढचा प्रश्न टाकतो. त्या जागी दहापर्यंत मोजा.

तारखा इसवी सनात विचारू नका, सणवारात विचारा. आपल्याकडच्या माणसाचं कॅलेंडर गावाकडचंच असतं, मग तो कुठल्याही सीमेवर असो. मी स्वतः जुनी पंचांगं जवळ ठेवतो. ६२ चा चिनी हल्ला २० ऑक्टोबरचा, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर. ६५ ला सप्टेंबरच्या १ तारखेला जम्मूकडच्या छांबवर हल्ला झाला तेव्हा घरोघरी गणपती बसलेले होते, आणि २३ तारखेला युद्धबंदी झाली तेव्हा पितृपंधरवडा संपत आला होता. ७१ ला मार्गशीर्षातली पौर्णिमा २ डिसेंबरला होती; दत्तजयंती होऊन दोन दिवस होत नाहीत तोवर ३ तारखेला संध्याकाळी युद्ध पेटलं. मग आजोबा "त्या रात्री चांदणं पिठासारखं पडलं होतं" म्हणाले तर ती सुरुवातीच्या दिवसांतली रात्र, आणि "अर्धी रात्र काळोख, मग चंद्र वर आला" म्हणाले तर आठवडाभरानंतरची. चंद्राची आठवण सहसा चुकत नाही, कारण रात्री हलायचं की नाही हे त्यावर ठरायचं. दोन युद्धांच्या मधल्या काळासाठी कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, ही साताऱ्याकडच्या माणसाची पक्की खूण. "भूकंप झाला तेव्हा सुट्टीवर होता की पलटणीत?" एवढं विचारून बघा.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक प्रसंगानंतर हळूच विचारा: "हे तुम्ही स्वतः पाहिलं, की नंतर कुणी सांगितलं?" यात अविश्वास नसतो, आणि विचारायची पद्धत बरोबर असेल तर त्यांनाही तसं वाटत नाही.

उदाहरण बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईचं देतो, कारण ते मराठ्यांचं आहे आणि त्याच्या कागदोपत्री नोंदी भक्कम आहेत. डिसेंबर ७१ मध्ये १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागे गेली आणि तिने टांगाइलकडे जाणारा रस्ता अडवला. आत पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण होती. आपले ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी त्यांना शरण या म्हणून पत्र पाठवलं. त्यावर पाकिस्तानी कमांडर सुलतान अहमद यांचं उत्तर आलं ते बंदुकीच्या गोळीभोवती गुंडाळून: पुढच्या भेटीत तुमच्या हातात लेखणीऐवजी स्टेनगन दिसेल अशी आशा आहे, अशा अर्थाचं. मग १० डिसेंबरच्या रात्री त्यांनी वेढा फोडून निघायचा प्रयत्न केला आणि ते मराठ्यांच्या मोर्च्यांवर येऊन आदळले. ११ तारखेला टांगाइलजवळ २ पॅरा ही आपली छत्रीधारी पलटण छत्र्यांनी उतरली.

गोळीच्या पत्राची ही गोष्ट पुढे खूप गाजली. त्यामुळे पूर्वेकडे असलेला जवळजवळ प्रत्येक जण ती सांगतो, आणि अशी सांगतो की जणू पत्र त्याच्या हातात होतं. यात खोटेपणा नाही. त्या रात्री मोर्च्यात बसलेल्या जवानाला अशी काही देवाणघेवाण चालू आहे हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं. नंतर बडा खान्यात, म्हणजे पलटणीच्या सामूहिक जेवणात, पलटणीच्या दिवशी, मासिकांत ती गोष्ट त्याने इतक्यांदा ऐकली की ती त्याचीच झाली. अशा वेळी मी विचारतो, "पत्राचं तुम्हाला कधी कळलं?" उत्तर येतं, "ते होय, नंतर." मग विचारतो, "त्या रात्री तुम्हाला काय माहीत होतं?" आणि तेव्हा खरी रात्र बाहेर येते: रस्त्यावर गाड्यांचा आवाज, दिवे नाहीत, कुणीतरी कुजबुजून दिलेला हुकूम की सांगेपर्यंत फायर नाही, धुक्यात बंदुकीचं लोखंड हाताला चटका लागावा इतकं थंड. इतिहासाच्या पुस्तकात पत्र आहे. हे तिथे नाही. तुमच्या आजोबांकडून तुम्हाला हे हवं आहे.

म्हणून जुळत नाही याची फार चिंता करू नका. ते चुकले तरी तोंडावर दुरुस्ती करू नका. रेकॉर्डिंग जसंच्या तसं ठेवा आणि आपलं टिपण वेगळ्या वहीत करा, "इथे तारीख ११ असावी" असं. पलटणींची नावं मात्र काटेकोर लिहून घ्या, कारण ती बदलत जातात आणि पुढचा शोधणारा फसतो. इटलीत १० जुलै १९४४ ला लढताना पडलेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे मराठ्यांच्या तिसऱ्या बटालियनचे. तीच बटालियन पुढे २ पॅरा झाली, आणि टांगाइलला उतरली ती हीच. "मराठा" आणि "पॅरा" हे वेगळे समजून शोधलं तर हा धागा हाती लागत नाही.

युद्ध संपल्यानंतरचं विचारायला विसरू नका. ढाक्याला १६ डिसेंबरला शरणागती झाली आणि रेडिओवर युद्ध संपलं. जवानाचं संपलं नाही. पूर्वेकडच्यांना हजारो युद्धकैद्यांची व्यवस्था बघावी लागली. ज्याच्यावर कालपर्यंत गोळी झाडली त्याला रांगेत जेवण वाढायचं, त्याच्यावर पहारा द्यायचा. पश्चिमेकडच्या पलटणी मोर्च्यातच राहिल्या. सिमला करार जुलै ७२ चा, आणि सैन्य मागे घ्यायचं काम त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत चाललं. म्हणजे इकडे महाराष्ट्रात ७२ चा दुष्काळ पडलेला, घरची माणसं खडी फोडायला जातायत, आणि घरातला कमावता मुलगा सीमेवर खंदकात. त्या वर्षातल्या पत्रांतली बैलांची चौकशी या उजेडात वाचा. मला स्वतःला युद्धाच्या चौदा दिवसांइतकंच हे वर्ष मोलाचं वाटतं आणि याबद्दल फारच थोडं लिहिलं गेलंय.

त्रास होईल का, या प्रश्नावर स्पष्ट बोलतो. होऊ शकतो. "तुम्ही किती मारले?" हा प्रश्न कधीही, कोणत्याही स्वरात विचारायचा नाही, आणि घरातल्या लहान मुलांनाही आधी बजावून ठेवा, तो नेमका त्यांच्याच तोंडून येतो. ते आपणहून सांगू लागले तर ऐका. "वा", "शाब्बास", "अरेरे" काही नको. रडू आलं तर पाणी द्या, बसून राहा, रेकॉर्डिंग बंद करू का विचारा. बरेचदा "चालू दे" म्हणतात. बैठक तिथेच तोडून उठू नका. लंगर, सुट्टी, रेल्वेचा प्रवास अशा हलक्या गोष्टींवर आणून मगच संपवा. त्या रात्री घरात कुणीतरी त्यांच्या जवळ झोपा. झोपेत ओरडणं, दचकून उठणं, फटाक्यांच्या आवाजाने थरथरणं हे आधीपासून असेल किंवा बोलल्यावर वाढलं तर थांबा आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. यात कमीपणा काही नाही. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस या आरोग्य योजनेची सोय आहे, कार्ड काढलेलं नसेल तर तेही या निमित्ताने बघून घ्या. आणि ते "नको" म्हणाले तर नको. आठवण त्यांची आहे.

गोपनीयतेबद्दल लोक उगाच घाबरतात. ६५-७१ च्या आठवणी घरी नोंदवायला काही हरकत नाही. संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये युद्धेतिहासाबद्दल जे धोरण जाहीर केलं त्यातही साधारणपणे २५ वर्षांनी नोंदी खुल्या करण्याचं म्हटलं आहे. मात्र अलीकडच्या सेवेबद्दल, म्हणजे आजही जिथे चौक्या आहेत तिथल्या जागा, वाटा, सोयी, यांबद्दल कुणी बोललं तर ते नेटवर टाकू नका. तसंच शहीद झालेल्या साथीदारांची नावं आणि ते कसे गेले याचा तपशील त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय पसरवू नका. त्या घरी कदाचित "झोपेतच गेला, वेदना झाल्या नाहीत" असं सांगितलेलं असेल.

रेकॉर्डिंगच्या तीन प्रती करा: एक फोनबाहेर पेनड्राइव्हवर, एक ऑनलाइन, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. फाइलच्या नावात आडनाव, पलटण आणि तारीख घाला. "नवीन रेकॉर्डिंग ७" या नावाने हरवलेल्या आठवणींना तोटा नाही. उतरवून घेताना त्यांची फौजी हिंदी-मराठी तशीच राहू द्या. "फॉलिन झालो", "सीओ साब बोलले", "मोर्चा पकडला" हे शुद्ध करायला गेलात की माणूस निघून जातो. त्यांची संमती असेल तर एक प्रत बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला आणि एक तालुक्याच्या ग्रंथालयाला द्या. दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमध्येही युद्धेतिहासाचं काम चालतं, तिकडेही लिहून विचारता येईल.

आजी असतील तर त्यांच्यासाठी वेगळी बैठक ठेवा, आजोबा शेतात किंवा देवळात गेले असताना. ७१ च्या डिसेंबरात गावात रेडिओ कुणाकडे होता, तार आली की काळजात काय व्हायचं, पत्र वाचून कोण दाखवायचं, मनीऑर्डरीतले किती रुपये सासऱ्यांच्या हाती जायचे, ते सुट्टीवर आले तेव्हा मुलाने ओळखलं का? त्यांना हे आजवर कुणी विचारलेलं नसतं. सुरुवात त्यांच्यापासून केलीत तरी चालेल. आजोबांना कळलं की आजीचं रेकॉर्डिंग झालं, तर संध्याकाळी ते स्वतःच येऊन "ती तारीख चुकीची सांगतेय" म्हणून बसतील. तेव्हा फोन चार्ज असू द्या.